गोव्यात शास्त्रीय नृत्य शिकायचंय? नाव घालण्याआधी आणि घातल्यानंतर

जून जवळ आला की ओळखीपाळखीतून ठरलेला फोन येतो: "मुलीला नाचाला घालायचंय, कथक बरं की भरतनाट्यम?" माझी मुलगी कथक शिकते. ती आत आणि मी बाहेर पायरीवर, याचा कंटाळा आला म्हणून पुढे मीही मोठ्यांच्या तुकडीत नाव घातलं. त्यामुळे पालकांच्या खस्ता आणि विद्यार्थ्यांच्या पोटऱ्या, दोन्हींचा अनुभव आहे. फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधीच सांगते, कथक की भरतनाट्यम हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. गुरू कोण, वर्ग कुठे आणि आठवड्यातून दोनदा, पावसापाण्यात, वर्षानुवर्षं तिथे पोचणं जमेल का, हे त्याहून मोठे प्रश्न.

## १. वय आणि वर्षांचा हिशेब

मुलांसाठी सहा-सात वर्षं हे बरं वय. त्याआधी घातलं तर मूल टाळ्या वाजवून घरी येतं. मोठ्यांना वयाची अट नाही. तिशी-चाळिशीत सुरुवात करणारे पुष्कळ भेटतील. फक्त गुडघे आणि पाठ यांची जुनी तक्रार असेल तर ती गुरूंना पहिल्याच दिवशी सांगा.

परीक्षांच्या वाटेने जायचं असेल तर प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा आहेत. तिसरीतल्या मुलाने पहिली दिली आणि वर्षाला एक धरली तर सातवीत मध्यमा पूर्ण, म्हणजे पाचवी परीक्षा, होते. हा टप्पा दहावीच्या आधी गाठता आला तर उत्तम, कारण दहावीचं वर्ष नाच मोडतं. "एक वर्ष थांबू, मग परत सुरू करू" म्हणणाऱ्यांपैकी परतणारे थोडे. दहावीत परीक्षा देऊ नका, पण आठवड्यातला एक तास तरी सुटू देऊ नका.

## २. शैली: यादी मोठी, गोव्यातली निवड छोटी

संगीत नाटक अकादमी आठ शास्त्रीय शैली मानते: तमिळनाडूतलं भरतनाट्यम, उत्तरेतलं कथक, केरळची कथकली आणि मोहिनीअट्टम, आंध्रची कुचिपुडी, ओडिशाची ओडिसी, मणिपूरची मणिपुरी आणि आसामच्या सत्रांतलं, म्हणजे वैष्णव मठांतलं, सत्रिया. सत्रियाला ही मान्यता २००० साली मिळाली. गोव्यात नेमाने, जवळपास आणि पुढच्या परीक्षांपर्यंत शिकायचं म्हटलं तर बहुतेकांच्या वाट्याला कथक किंवा भरतनाट्यम येतं.

दोन्हींत फरक काय? भरतनाट्यमात शरीराची मूळ बैठकच अर्धी बसलेली असते. तिला अरमंडी म्हणतात. टाचा जुळलेल्या, गुडघे बाहेर वळलेले, पाठ ताठ. कथकात नर्तक सरळ उभा असतो आणि सगळा जोर पदन्यासावर आणि चकरांवर. भरतनाट्यमाला कर्नाटक संगीत, मृदंगम आणि गुरूंच्या हातातलं नट्टुवांगम, म्हणजे झांजांवर धरलेला ताल. कथकाला तबला, पखवाज आणि एकच सुरावट फिरत राहणारा लहरा. कथकात तबलजीशी जागच्या जागी सवालजवाब होतात, भरतनाट्यमाच्या मार्गमात रचनांचा क्रम बराचसा ठरलेला: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना.

मराठी घरांत कथक "आपलं" आणि भरतनाट्यम "मद्राशी" असं एक समीकरण असतं. त्याला फारसा अर्थ नाही. ज्या चार भावांनी, म्हणजे चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलु यांनी, आजच्या भरतनाट्यमाचा हा क्रम घडवला, ते तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातले. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारात नृत्यासाठी मराठी रचनाही झाल्या. कथक तर लखनौ, जयपूर, बनारसचं. महाराष्ट्रात ते रुजवण्यात रोहिणी भाटे यांचा वाटा मोठा, त्यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती काढली.

माझा सल्ला असा: तासाभराच्या आत जिथे पोचता येईल तिथे जो चांगला गुरू असेल, त्याची शैली ती तुमची शैली. फोंड्याच्या मुलीने केवळ शैलीसाठी पणजीला आणि म्हापशाच्या मुलीने मडगावला जायचं ठरवलं तर गणपतीपर्यंत उत्साह टिकतो. पर्वरीच्या कोंडीत अडकलेलं मूल वर्गात पोचतं तेव्हा निम्मं दमलेलं असतं.

## ३. एवढं व्याकरण आधी कळू द्या

वर्गात हे शब्द कानावर पडतील आणि कुणी थांबून समजावणार नाही.

नृत्त म्हणजे केवळ ताल आणि हालचाल, त्यात गोष्ट नाही. नृत्य म्हणजे हालचालीला भावाची जोड. नाट्य म्हणजे पात्र आणि प्रसंग उभा करणं. अभिनय चार प्रकारचा: आंगिक (शरीराचा), वाचिक (शब्द आणि गाण्याचा), आहार्य (वेषभूषेचा) आणि सात्त्विक (आतून येणारा: घाम, कंप, डोळ्यांतलं पाणी). ही विभागणी भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातली. तिथे रस आठ आहेत, नववा शांत पुढे जोडला गेला.

हातांच्या मुद्रांना हस्त म्हणतात. एका हाताचे ते असंयुत, दोन हातांचे ते संयुत. भरतनाट्यमाच्या वर्गात पहिल्या काही महिन्यांतच "पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख" अशी २८ असंयुत हस्तांची माळ पाठ करून घेतात. मुलं ती पाढ्यांसारखी म्हणतात आणि पाढ्यांपेक्षा लवकर पाठ करतात.

## ४. वर्ग शोधताना

सरकारी बाजूने पहिलं ठिकाण पणजीतल्या कांपालची कला अकादमी. तिथे संगीताबरोबर कथक आणि भरतनाट्यमही शिकवतात. फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे आणि बायणा इथली रवींद्र भवनं, यांच्या कार्यालयांत चालू वर्षाच्या वर्गांची चौकशी करा. खासगी वर्ग गावोगावी आहेत. देवळाच्या सभागृहात, शाळेच्या वर्गात, कुणाच्या तरी पडवीत. यातले काही फार चांगले आहेत, काही फक्त गॅदरिंगचे नाच बसवतात.

नाव घालण्याआधी एक अख्खा तास बसून बघू द्या अशी विनंती करा. बसल्यावर पोशाख, आरसे, भिंतीवरचे सन्मानपत्रांचे फोटो याकडे बघू नका. हे बघा:

- गुरू बोल (ता, थेई, तत् अशी तालाची अक्षरं) स्वतः तोंडाने म्हणतात का, हाताने ताल धरतात का? की गाणं लावून समोर उभं राहून "माझं बघा" म्हणतात?
- चुकलेल्या मुलीचा पाय किंवा गुडघा जवळ जाऊन दुरुस्त करतात का?
- जुनी मुलं नव्यांच्या बरोबरीने पुन्हा पायाचे धडे करतात का? करत असतील तर वर्ग खरा.
- तीस मुलं आणि एक शिक्षिका असेल तर तुमच्या मुलाच्या वाट्याला किती लक्ष येईल, हा हिशेब तिथेच मांडा.

मग विचारा: तुम्ही कुणाकडे शिकलात? कोणत्या मंडळाच्या परीक्षांना बसवता? वर्षात कार्यक्रम किती, आणि त्यांचा खर्च फीमध्ये की वेगळा? हे विचारायला संकोचू नका. चांगला गुरू आपल्या गुरूचं नाव सांगताना खुलतो, कानाला हात लावतो आणि मग तुमचा अर्धा तास जातो. उत्तर टाळणाऱ्याबद्दल मात्र जरा विचार करा.

सापळा: "शास्त्रीय, सेमी-क्लासिकल, फोक, बॉलीवूड, सगळं शिकवतो" अशी पाटी. सगळं एकाच माणसाकडे, एकाच तासात, पहिल्याच वर्षी होत नाही. तीन महिन्यांत स्टेज देणारा वर्गही तसाच.

## ५. कागदपत्रं

संस्थेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण एका फायलीत हे ठेवलंत तर धावपळ होत नाही:

- जन्मदाखल्याची प्रत
- आधार कार्डाची प्रत
- पासपोर्ट आकाराचे फोटो, चार-सहा जास्तीचे
- आधी दुसरीकडे शिकला असाल तर शेवटच्या परीक्षेचं गुणपत्रक आणि प्रमाणपत्र
- सरकारी संस्थेत रहिवासी असल्याचा पुरावा मागितला तर तोही

आता एक खास गोव्याची अडचण. आपल्याकडे आडनावं रोमी लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या कागदावर नाईक एका स्पेलिंगने, बाबांच्या पासपोर्टवर दुसऱ्या. परीक्षेचा पहिला अर्ज भरताना जे स्पेलिंग जाईल तेच पुढे प्रत्येक प्रमाणपत्रावर येत राहतं. शाळेच्या दाखल्याशी ते अक्षर न् अक्षर जुळवा. वर्गात मुलांचे अर्ज शिकवणाऱ्या ताई एकगठ्ठा भरतात तेव्हा आपला अर्ज स्वतः वाचून मगच सही करा.

## ६. साहित्य: घाई फक्त दुकानदाराला असते

पहिल्या दिवशी काहीही लागत नाही. सैलसर सुती सलवार-कुर्ता, छातीवरून तिरकी घेऊन कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, वर बांधलेले केस, एक वही, पाण्याची बाटली. भरतनाट्यमासाठी काही महिन्यांनी सरावाची सुती साडी सांगतात. ती पायजम्यावर गुडघ्यापर्यंत नेसायची असते. गुरूंनी सांगितल्यावरच घ्या, कारण लांबी-रुंदी त्यांच्या पद्धतीची लागते.

घुंगरांचं जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच वाया जातात. कथकाचे घुंगरू पितळेचे, जाड सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेले, घोट्याभोवती गुंडाळायचे. भरतनाट्यमाचे बहुधा चामड्याच्या किंवा कापडाच्या पट्टीवर ओळींनी शिवलेले असतात. कथकात लहान मुलांना एका पायात २५ किंवा ५०, मोठ्यांना पुढे १०० अशी चढती रीत आहे. सुरुवातीलाच शंभराचा जोड बांधला तर घोटा भरून येतो आणि पाय उचलायचा सोडून ओढायची सवय लागते. ती सवय पुढे काही केल्या जात नाही.

विकत घेताना माळ सबंध हलवून आवाज ऐकू नका, तसा कुठलाही जोड गोडच वाजतो. एकेक घुंगरू चिमटीत धरून कानाशी हलवा. आतला खडा अडकलेला असेल तर तो नुसता खुळखुळतो किंवा गप्प राहतो. फटीच्या कडेवरून बोट फिरवा. धार लागली तर ती पुढे रोज घोट्याला लागणार. दोरी ओढून बघा, गाठी सरकता कामा नयेत. बांधण्याआधी घोट्यावर सुती पट्टी किंवा जुन्या मोज्याचा कापलेला भाग घाला.

गोव्याच्या पावसात घुंगरांची दोरी बुरसते आणि पितळ काळं-हिरवं पडतं. घामाने भिजलेले घुंगरू तसेच पिशवीत कोंबू नका. पंख्याखाली वाळवा, मग सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत तर नकोच. आणि घुंगरांना पाय लागू द्यायचा नाही, बांधण्याआधी कपाळाला लावायचे. वर्गात हे कुणी शिकवत नाही, बघून कळतं.

फोनवर लहरा आणि तबल्याचं एखादं ॲप घ्या आणि एक छोटा स्पीकर. फोनच्या आवाजात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हरवते.

## ७. पहिलं वर्ष: पाय आणि तोंड

पालकांचा धीर इथे सुटतो. चार महिने झाले तरी मुलगी घरी येऊन तेच करते: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. आजी म्हणते, "एक तरी नाच दाखव गो बाय." दाखवण्यासारखं काही नसतं, आणि ते तसंच असायला हवं.

कथकात हे तत्कार. आधी एकपटीत, मग दुगुन, मग चौगुन, आणि वेग बदलताना ताल हलता कामा नये. भरतनाट्यमात याच जागी अडवू: तट्ट अडवू, नाट्ट अडवू असे गट, प्रत्येक तीन कालांत म्हणजे तीन वेगांत.

पायांइतकंच तोंड महत्त्वाचं. कथकात बोल हातावर ताल देत म्हणण्याला पढंत म्हणतात. हे घरी बसल्या जागी करता येतं, घुंगरू लागत नाहीत, शेजारीही तक्रार करत नाहीत. त्रितालाच्या १६ मात्रा, ४-४ चे चार विभाग. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायचा:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

हे हातावर स्थिर झालं की एक छोटी तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणं, करून बघा. आठ मात्रा गप्प मोजा. नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून, म्हणा:

तत् तत् थेई, तत् तत् थेई, तत् तत् थेई

प्रत्येक अक्षराला एक मात्रा. पहिला तुकडा ९, १०, ११ वर. दुसरा १२, १३, १४ वर. तिसरा १५, १६ आणि १ वर. शेवटचा थेई बरोबर समेवर पडतो. पडला नाही तर बहुधा दोन तुकड्यांच्या मध्ये तुम्ही श्वास घेतलात आणि तिथे नकळत अर्धी मात्रा गेली. चक्रदार परणांसारख्या मोठमोठ्या रचनांत हेच तत्त्व लांबवलेलं असतं. ज्या दिवशी मुलगी स्वतःहून "आई, सम आली बघ" म्हणते, त्या दिवशी फी वसूल झाली असं माझं मत आहे.

सापळा: यूट्यूबवरून पुढचा तोडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, शिकून वर्गात जाणं. घराणं वेगळं, हाताची ठेवण वेगळी, आणि गुरूंना आधी ते पुसावं लागतं.

## ८. घरचा रियाज

रोज वीस मिनिटं, रविवारच्या दोन तासांपेक्षा बरी.

जमीन बघा. पायांना लाकडी जमीन सर्वांत चांगली. जुन्या घरात मातीची सारवलेली जमीन अजून असेल तर तुम्ही भाग्यवान. फ्लॅटमधली गुळगुळीत फरशी सर्वांत वाईट: खाली काँक्रीट, वर घसरण. तिथे जोर लावून पाय आपटला की नडगी दुखायला लागते. अशा घरात वेग आणि जोर कमी ठेवून अचूकपणावर काम करा, जोराचा रियाज वर्गात. जाड सतरंजी घालू नका, पाय मुरगळतो. अरमंडीत गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. तो आत वळत असेल तर खाली बसणं कमी करा आणि ताईंना दाखवा. पोटरी दुखणं चालतं, गुडघा दुखणं चालत नाही.

वेळ बघा. गोव्यात शेजारी पहाटेचा भोंगा सहन करतील, रात्रीचं नाटक सहन करतील, पण दुपारी जेवणानंतरच्या झोपेवर तत्कार कुणी सहन करणार नाही. एक ते चार ही वेळ विसरा.

टाचा फुटतात. त्यावर आपलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आहेच. रात्री निजताना चोळा, सकाळी धुऊन टाका. रियाजाआधी लावलंत तर फरशीवरून थेट सोफ्याखाली जाल.

आणि चवथ. चवथीच्या आधी साफसफाई, माटोळी, नेवऱ्या. नंतर गावोगावचे पाहुणे. वर्ग बंद, रियाज बंद. या खंडानंतर मुलं तालात कच्ची पडतात. निदान पढंत चालू ठेवा. आरतीच्या टाळांवर त्रिताल धरायचा प्रयत्न मात्र करू नका, घरचे ओरडतात.

## ९. परीक्षा

बहुतेक वर्ग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतलं हे मंडळ. क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि पुढे अलंकार. परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. शाळेच्या परीक्षेशी गाठ पडणार नाही असं सत्र निवडा.

सुरुवातीला प्रात्यक्षिक आणि तोंडी, पुढे लेखी पेपर. पेपर मराठीत लिहिता येतो. मुलं पडतात ती लेखीत: तोडा झोकात नाचतात, पण तोच ताललिपीत, मात्रांच्या खाली बोल मांडून, सम-खालीच्या खुणांसह लिहायला सांगितला की पेन थांबतं. म्हणून वही पहिल्या वर्षापासून ठेवा. शिकवलेला प्रत्येक बोल त्याच दिवशी, मात्रांत विभागून. बोल नंतर आठवत नाहीत, आणि ताईंचा व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेज फोन बदलला की जातो.

सगळ्याच परीक्षांना बसायला पाहिजे असं नाही. परीक्षेमुळे शिस्त लागते हे खरं. पण काही वर्गांत वर्षभर परीक्षेचे तेवढेच चार तोडे घोटतात आणि मूल विशारदपर्यंत पोचतं तरी साध्या लहऱ्यावर दहा मिनिटं आपलं आपण उभं राहू शकत नाही.

## १०. स्टेज

पहिला कार्यक्रम आला की पोशाख, दागिने, मेकअप यांचा आकडा लेखी मागा आणि भाड्याने मिळतं का ते विचारा. वाढत्या वयाच्या मुलीला पोशाख शिवण्यात अर्थ नाही. भरतनाट्यमातलं अरंगेत्रम म्हणजे पूर्ण मार्गम एकटीने सादर करायचा पहिला जाहीर कार्यक्रम. सोबत जिवंत गायन-वादन असतं, कलाकार अनेकदा बाहेरून बोलवावे लागतात. खर्चाचा आकडा लग्नाच्या हॉलइतका फुगलेला मी पाहिला आहे. तो लहान सभागृहात, मोजक्या लोकांत, आमरसाशिवायही होतो. गुरूंशी मोकळेपणी बोला.

## ११. बघणं

शिकणाऱ्याने बघितलं पाहिजे, आणि गोव्यात ते फुकट किंवा थोडक्यात मिळतं. कला अकादमीचं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, रवींद्र भवनं, फोंड्याचं कला मंदिर यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा.

मुलांना आपल्या मातीतलंही दाखवा. शिगम्यातली घोडेमोडणी, धालो, फुगडी, गोफ, समईनृत्य. हे लोकनृत्य आहे, शास्त्रीय नव्हे, पण चांगली फुगडी घालणाऱ्या मुलीचा दम आणि तोल कथकाच्या चकरांत लगेच दिसून येतो.

आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांना जरूर सांगा. गोव्यातल्या देवळांत नाच-गाणं होतं, आणि ते कलावंत समाजातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच समाजातून आल्या. त्या बायकांना कला मिळाली आणि मान मिळाला नाही. गाणं मैफिलीत जाऊन टिकलं, देवळातला नाच मात्र विरत गेला, आणि आज आपण शिकतो ते कथक-भरतनाट्यम बाहेरून आलं आहे. म्हार्दोळला किंवा मंगेशीला गेल्यावर सभामंडपात उभं राहून मुलीला हे सांगितलंत तर वर्गातलं "ही देवाची कला" वगैरे वाक्य तिला जरा विचार करून ऐकता येईल.

कार्यक्रमाला गेलात की मधल्या महागड्या खुर्च्यांपेक्षा बाजूची, पण पाय दिसतील अशी जागा धरा. मांडीवर हळूच ताल द्या, समेवर मान हलते का बघा. मूल पेंगलं तर मध्यंतरात निघा, शिक्षा वाटता कामा नये. पेडणे, काणकोणकडच्यांनी कदंबाच्या बसवर विसंबू नका, परतीची सोय आधीच करून ठेवा. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत, आणि भैरवीच्या आधी उठणं जिवावर येतं.